उजव्या हाताची करंगळी

“आधी सगळा पेपर वाच,” मी म्हटलं.

विमलनं पेपर उलगडला. पहिला प्रश्न तिनं वाचायला घेतला, तोच खुर्ची करकरली आणि देशमाने बाई आमच्या बाकाशी आल्या.

“अगं, सगळा कशाला वाचत बसतेस?” त्या विमलला म्हणाल्या. “एकेक प्रश्न वाच. तिला जमेल तेवढं ती सांगेल, ते लिहून टाक. उगाच बिचारीचा वेळ कशाला घालवायचा?”

बिचारी म्हणजे मी. विमलच्या शेजारी, एकाच बाकावर बसलेली.

“तिला पाणी हवंय का, विचार.”

“अक्का, पाणी पायजे?” विमलनं विचारलं.

“नको.”

“नको म्हणतीया,” विमलनं बाईंना सांगितलं. जणू मी कानडीत बोलले होते आणि विमलनं त्याचं मराठी करून दिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी उजव्या हाताची करंगळी ताठ केली, तो हात मांडीवर ठेवला आणि विमलला म्हटलं, “वाच. सगळा. पहिल्यापासनं शेवटपर्यंत.”

दहावीचा बीजगणिताचा पेपर होता तो. मी तीन वर्षांची असताना गोवर निघाला आणि त्यात माझे दोन्ही डोळे गेले, म्हणून मला लेखनिक मिळाली होती. लेखनिक खालच्या इयत्तेतली असावी लागते, म्हणून नववीतली विमल सुतार. आम्हां दोघींना तालुक्याच्या शाळेत प्रयोगशाळेला लागून असलेली एक खोली वेगळी दिली होती. तिथं आम्ही दोघी आणि पर्यवेक्षक म्हणून देशमाने बाई, बस्स. गणिताच्या पेपराला गणिताचे मास्तर पर्यवेक्षणाला ठेवत नाहीत. देशमाने बाई हिंदी शिकवायच्या. स्वभावानं प्रेमळ. आल्या आल्या त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता, जसा देवळातल्या गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा.

मला गणितात साठ टक्क्यांच्या वर मार्क हवे होते. हवेच होते. तालुक्याच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगून टाकलं होतं, “कॉमर्सला गणित घ्यायचं म्हणते? साठाच्या वर आण म्हणावं, मग बघू. नाहीतर मराठी, इतिहास असं काहीतरी घेऊन बसवा घरी.” त्याच्या आधी आमच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले होते, “आंधळ्या मुलांना गणित सोडायची सवलत आहे, दत्तोबा. मिळतेय तर घ्या की.” दोघंही आप्पांशीच बोलले. मी दोन्ही वेळा त्यांच्या शेजारी उभी होते.

मला सवलत नको होती. मला गणित येत होतं. काजूची बी म्हणजे एक्स, चिंचोका म्हणजे एक, असं आमच्या गिरणीच्या ओट्यावर मांडून मगदूम सरांनी मला समीकरणं शिकवली होती. काजूची बी इकडून तिकडं नेली की उलटी ठेवायची, म्हणजे चिन्ह बदललं. पुढं बियांची गरज राहिली नाही, सगळं डोक्यात मांडता यायला लागलं.

पण गणित येणं वेगळं आणि पेपर सोडवता येणं वेगळं, हे मगदूम सर सगळ्या वर्गाला सांगायचे. “पेपर म्हणजे काय रेशनची रांग न्हवं, पहिला आला त्याला पहिल्यांदा द्यायला,” ते म्हणायचे. “आधी सगळ्यांची तोंडं बघा. ओळखीचं दिसंल त्याला आधी धरा. अडलं की हट्ट न्हाई करायचा. रेघ मारायची आणि पुढं जायचं. परत यायचं असतंयच की.”

डोळस मुलं त्यासाठी पेपरावर खुणा करत. माझ्यासाठी सरांनी बोटं शोधून काढली. डाव्या हाताची पाच बोटं म्हणजे पाच प्रश्न. प्रश्न सांगून झाला की बोट मिटायचं. त्यातलं एखादं गणित अडलं तर ते उजव्या हाताच्या बोटावर ठेवायचं. डावी मूठ पूर्ण मिटल्याशिवाय उजव्या हाताकडं जायचं नाही. आणि पेपर पहिल्यांदा ऐकायचा तो नुसता ऐकायचा. सोडवायला लागायचं नाही, मन कितीही धावलं तरी. दुसऱ्या वाचनात क्रम लावायचा.

“आणि उजव्या हाताची करंगळी मोकळी ठेव,” सर म्हणाले होते.

“कशाला?”

“रागाला. तुला राग लई येतोय, मला ठावं हाय. वर्गात कोण काय बोललं की तू अर्धा तास गणित चुकतीस. तो राग करंगळीवर ठेवायचा. पेपर झाला, पुरवणी बांधली, की मग ते बोट मिट. कुणाला काय सुनवायचं ते तेव्हा सुनव.”

तर ती करंगळी ही. पहिला प्रश्न ऐकायच्या आतच भरलेली.

विमलनं पेपर दोनदा वाचला. बाई मधून मधून उसासे टाकत होत्या. तिसरा प्रश्न ओळखीचा निघाला, तो आधी धरला. मग पहिला. मी सांगत होते, “कंस सुरू, एक्स वर्ग, वजा पाच एक्स, अधिक सहा, कंस पूर्ण,” आणि विमलचं पेन माझ्या मागून चालत होतं. चार महिने रोज, गिरणी बंद असायची त्या वेळात, आम्ही तिथं बसून हा सराव केला होता. विमल सुताराची लेक, पेन असं दाबून धरायची की पट्टीवर करवत फिरवल्यासारखा आवाज यायचा. गिरणीच्या नुसत्या घरघरीवरून आत भात पडलाय की नाचणी, ते मला लहानपणापासून कळायचं. विमलचं पेन तर त्याहून सोपं. तिचा सात मला कळायचा, त्याच्या पोटात ती आडवी रेघ मारायची. बरोबरचं चिन्ह कळायचं, दोन छोटे ओरखडे. चुकून तिनं अधिकचं वजा केलं तर मी तिथल्या तिथं हटकायची.

“अक्का, तुला दिसतंय का काय!” ती सुरुवाती-सुरुवातीला म्हणायची.

“तुझं पेन बोलतंय. तू गप बसलीस तरी ते बोलतंय.”

डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत गेली. चौथ्या प्रश्नात एक गणित अडलं. दोन नळ मिळून एक टाकी सहा तासांत भरतात. लहान नळाला एकट्यानं टाकी भरायला मोठ्या नळापेक्षा पाच तास जास्त लागतात. तर प्रत्येक नळाला किती वेळ लागेल?

मी सांगितलं, “मोठ्या नळाला एक्स तास. एक छेद एक्स, अधिक, एक छेद कंसात एक्स अधिक पाच, बरोबर सहा.” पुढं डोक्यात सोडवत गेले तर सहा एक्स वर्ग अधिक अठ्ठावीस एक्स वजा पाच बरोबर शून्य असलं काहीतरी विचित्र यायला लागलं. त्याचे अवयव पडेनात. कुठंतरी चुकलं होतं.

“रेघ मार,” मी म्हटलं. “खाली जागा सोड. नवं पान घे.”

टाकी उजव्या अंगठ्यावर ठेवली.

“काय झालं? येत नाही का तिला?” बाईंनी विचारलं.

“परत येणार हाय त्यावर,” विमल म्हणाली.

“असू दे, असू दे. सगळंच कसं येणार तिला?” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या चपला दारातून बाहेर गेल्या.

मी पाचवा प्रश्न सुरू केला. त्यात मला कुठंच अडखळायला झालं नाही. बाई बाहेरून कधी आल्या तेही मला नीट कळलं नाही, इतकी मी त्यात होते. शेवटची ओळ सांगितली, विमलनं ती लिहिली आणि माझी डावी मूठ पूर्ण मिटली. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. आंधळ्यांसाठीचा जादा अर्धा तास अजून जवळजवळ सगळा हातात होता आणि उजव्या हातावर एकच गणित.

“विमल, आता टाकी,” मी म्हटलं. “मी सांगितलेलं वाच, आणि मग मला जरा विचार करू दे. काही लिहू नको.”

तिनं वाचलं. मी मान खाली घातली. एक छेद एक्स. मोठा नळ तासाला टाकीचा एवढा भाग भरतो. लहान नळ तासाला एवढा. दोघं मिळून... दोघं मिळून सहा तासांत सगळी टाकी. म्हणजे एका तासात... मी बरोबरच्या पुढं सहा म्हणाले, तिथंच काहीतरी... एका तासात...

आणि पेनाचा आवाज आला.

मी गप्प होते आणि पेन चालत होतं.

आधी वाटलं, विमल काहीतरी नीटनेटकं करतेय. पण पेन ओळीमागून ओळ चाललं होतं. छेदाची आडवी रेघ. पुन्हा आडवी रेघ. बरोबरचे दोन ओरखडे. सात, त्याच्या पोटातल्या रेघेसकट. बाकाच्या पलीकडून बाईंच्या बांगड्या हळूच वाजल्या, आणि कागदाचा लहानसा तुकडा सरकला.

“विमल, काय लिहितीस?”

पेन थांबलं.

“काही नाही गं,” बाई म्हणाल्या. पेपर सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. “समास आखतेय ती.”

“समासाला पट्टी लागते, बाई. विमल, काय लिहिलंस ते वाच.”

“अक्का...”

“वाच म्हणते ना!”

विमल रडवेल्या आवाजात वाचायला लागली. “एक छेद एक्स, अधिक, एक छेद कंसात एक्स अधिक पाच, बरोबर एक छेद सहा. म्हणून, एक्स वर्ग वजा सात एक्स वजा तीस बरोबर शून्य. म्हणून, कंसात एक्स वजा दहा...”

“बास.”

एक छेद सहा! तासाला टाकीचा सहावा भाग. तिथंच होते मी. अगदी उंबऱ्यावर होते. आणखी एक श्वास घेतला असता तर आत गेले असते, आणि ते माझं झालं असतं. आता कधीच होणार नव्हतं. ऐकलेलं गणित न ऐकलेलं कसं करणार? कानाला पापण्या नसतात.

“बरोबर आहे की नाही? बघ!” बाई खुशीत म्हणाल्या. “पलीकडच्या खोलीतल्या हुशार मुलाच्या पेपरातलं उतरवून आणलंय. पोरी, एवढ्यासाठी तुझे मार्क जायला नकोत. मी काही कुणाला सांगत नाही.”

“विमल, खोड ते.”

“अगं, वेडी का काय तू?”

“मी सांगितलेली ओळ ठेव. तिच्या खालचं सगळं खोड. मला ऐकू येईल असं खोड.”

“हे बघ,” बाईंचा आवाज कडक झाला, “आंधळ्या मुलांना आम्ही नेहमीच एवढी मदत करतो. सगळेच करतात. त्यात कमीपणा कसला? तुझ्या भल्यासाठीच ना? देशमुखांचा तो आंधळा मुलगा, तो काय स्वतःच्या जिवावर पास झाला?”

हे ऐकलं मात्र, आणि मला वाटलं, त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं. म्हणजे चार महिने गिरणीत बसून मी जे केलं, पाच बोटं एकेक करून मिटली, त्याची किंमत शून्य. मला किती का मार्क मिळेनात, बघणारा म्हणणार, दिले असतील. आणि तो म्हणेल ते खरं असणार, कारण देणाऱ्या ह्या बाई आहेत.

“खोड, विमल!”

विमल हुंदके देत होती. पण तिनं खोडलं. एकेका ओळीवरून पेन फिरल्याचा आवाज मी ऐकला. सगळ्या ओळी झाल्यावर म्हटलं, “पुरवणी बांध.”

“अक्का, अजून येळ हाय. आता तुला कळलंय, तर तू सांग की. तू सांगितलंस तर मी...”

“बांध म्हटलं ना.”

तिनं दोरा ओवला. बाई खिडकीकडं जाऊन उभ्या राहिल्या. “अशांना मदत करायला जावं तर हे असं,” एवढं त्या बोलल्या, कुणाला ते माहीत नाही. बहुतेक विमलला.

बाहेर मगदूम सर वाट बघत उभे होते. विमलनं रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, सर माझ्या बाजूनं उभे राहतील, आत जातील, आवाज चढवतील. पण सर म्हणाले, “अर्धं तुझंच होतं की, अलका. तू परत सांगायचं होतंस. हातचे मार्क सोडायला शिकवलं का मी तुला?”

“कुठलं अर्धं माझं ते मला कळेना, सर.”

“पेपर तपासणाऱ्याला थोडंच कळणार होतं?”

“मला कळलं असतं.”

त्या दिवशी मी सरांवरही चिडले. विमलवरही चिडले, ती गप्प बसून उतरवत राहिली म्हणून, आणि ती नववीतली पोर, समोर बाई उभ्या, ती काय करणार होती, हे कळत असूनही चिडले. जूनपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही. राग करंगळीवर ठेव म्हणणं सोपं आहे. तो बोटावर मावणारा नव्हता.

निकाल लागला. गणितात अडुसष्ट टक्के. आप्पांनी गिरणीवर आलेल्या प्रत्येकाला गूळ वाटला. मी घेतला नाही. माझ्या डोक्यात एकच, आता प्राचार्य काय म्हणतात.

अर्ज द्यायला मी आणि आप्पा निघालो तर विमल एस.टी. स्टँडवर येऊन उभी. “मी बी येनार,” म्हणाली. “अर्ज वाचायला कोण तरी लागंलच की.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिनं माझ्या कोपराला धरलं.

प्राचार्यांच्या खोलीत पंखा खटखट करत होता. आप्पांनी गुणपत्रिका पुढं केली. बराच वेळ कागदाची सळसळ झाली.

“गणितात अडुसष्ट,” प्राचार्य म्हणाले. “लेखनिक कोण होती हिची?”

“ही, सुताराची विमल,” आप्पा म्हणाले.

“हुशार दिसते पोरगी.” ते हसले. “हे बघा, दत्तोबा, रागावू नका. आंधळ्या मुलांचे मार्क कसे येतात ते आम्हालाही माहीत असतं. इतकी वर्षं ह्याच धंद्यात आहे मी. दहावीला ठीक आहे. इथं अकरावीत गणिताला कोण उत्तरं सांगणार हिला? मुलीचे हालच व्हायचे. तुम्हीच समजावून सांगा तिला.”

आप्पा बसल्या जागी चुळबुळ करायला लागले. अधिकाऱ्यापुढं त्यांची नेहमीच बोबडी वळायची. मी तोंड उघडणार, तोच विमल बोलली.

“सर, उत्तरं सांगितली व्हती. बाईंनी दिली व्हती चिठ्ठी.”

“विमल!” आप्पा म्हणाले.

“न्हाई, काका, सांगू द्या मला. सर, एकच गनित व्हतं, टाकीचं. बाईंनी चिठ्ठी दिली आणि मी लिवलं. अक्का इचार करत बसली व्हती. तिला ऐकू आलं. तिनं मला सगळं खोडाय लावलं. समदं बरोबर व्हतं, तरी खोडाय लावलं. बाकी एक अक्षार मी माझ्या मनानं लिवल्यालं न्हाई. मला येतच न्हाई, सर, गनित. सहामाहीला नापास झालीया मी. इचारा शाळंत.”

विमलनं माझं कोपर घट्ट धरलं होतं.

प्राचार्यांनी घसा साफ केला. “असं आहे होय,” ते म्हणाले. मग ड्रॉवर उघडला, अर्ज ओढून घेतला, पेनाचं टोपण निघालं आणि पेन चालायला लागलं. सही करत करतच ते म्हणाले, “शाब्बास, पोरी. खरं बोलायला धाडस लागतं. शाब्बास.”

त्यांचा आवाज माझ्या उजवीकडं गेला. विमलच्या दिशेनं.

विमलला शाब्बासकी मिळाली ह्याचं मला वाईट नाही वाटलं. तिची ती होतीच. पण त्या खोलीत येऊन एवढा वेळ झाला होता आणि माझं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं. अडुसष्ट मार्क टेबलावर पडले होते, आणि ते आप्पांचे होते, विमलचे होते, बाईंचे होते, पलीकडच्या खोलीतल्या हुशार मुलाचे होते. सही अजून पुरी झाली नव्हती. आप्पांनी माझ्या पायावर पाय ठेवून दाबला. गप्प बस, म्हणून. होऊ दे एवढं, म्हणून.

मी करंगळी मिटली.

“सर,” मी म्हटलं, “मी इकडं बसलेय.”

पेन थांबलं.

“पेपर मी सोडवलाय. ते गणित मी सोडलंय. हे आप्पांना नका सांगू, विमलला नका सांगू. काय विचारायचं ते मला विचारा. आत्ता घाला कुठलंही गणित. आणि नसेल घालायचं तर नुसती सही नको. मेहेरबानी म्हणून नको मला काही.”

“अलका...” आप्पा पुटपुटले.

खुर्ची वळल्याचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच प्राचार्यांचा आवाज समोरून, सरळ माझ्या तोंडावर आला. तो गोड नव्हता. चांगलाच चिडलेला होता. मला तो फार आवडला.

“टाकीचं गणित काय होतं?” ते म्हणाले. “सांग. आणि चुकलं कुठं होतं ते आधी सांग.”